उचल आणि दाब : शीआनमधल्या कुंचल्याच्या नोंदी

१ मार्च

अठरा चिनी अक्षरं, एक शुआन म्हणजे चिनी सुलेखनाचा कागद, मुदत जूनचा मध्य. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं आणि लाओशींना दाखवलं. लाओशी म्हणजे शिक्षक. इथे बाईंनाही तेच म्हणतात. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "अठराच का?"

मग सांगितलं. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राच्या शेवटी मंत्र येतो : गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. युआन श्वांग, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला ह्युएनत्संग, ६४५ साली भारतातून पोथ्या घेऊन इथे परतला. तेव्हा या शहराचं नाव चांगआन होतं. त्याने सूत्राचं भाषांतर केलं, पण हा मंत्र भाषांतराबाहेर ठेवला. नुसता उच्चार चिनी अक्षरांत उतरवला. आज तो असा ऐकू येतो : च्येती च्येती, पोलुओ च्येती, पोलुओ-संग-च्येती, फूथी सापोह. 'च्ये'मध्ये 'ग' कुठे गेला असं वाटतं, पण थांग राजवटीच्या काळात त्या अक्षराची सुरुवात कंठ्य वर्णाने होत असे. कँटनीज बोलणारे आजही त्याला 'खित' म्हणतात.

रत्नागिरीला असताना हा मंत्र मी बोरूने किती वेळा लिहिला असेन. तोच आता त्याच्या चिनी रूपात, कुंचल्याने, खायशू म्हणजे सुट्या-स्पष्ट वळणात लिहायचा आहे. लाओशींनी अठरा अक्षरांचा कित्ता लिहून द्यायचं कबूल केलं, पण एप्रिल संपेपर्यंत देणार नाहीत. तोवर फक्त रेघा.

४ मार्च

सामान. पहिला कुंचला मी घाईने घेतला होता, त्याचे केस दुसऱ्याच दिवशी कागदावर गळायला लागले. या वेळी लाओशी सोबत शूयुआनमनच्या गल्लीत आल्या. कुंचल्याचे चार गुण बघायचे असतात : टोक अणकुचीदार हवं, दाबून चपटं केलं तर केस एका रांगेत हवेत, पोट गोल, भरलेलं हवं, आणि वाकवून सोडलं की ताठ व्हायला हवं. शेळीचे केस मऊ असतात, पाणी भरपूर धरतात, पण नवशिक्याच्या हाताला दाद देत नाहीत. ज्याला 'लांडग्याचे केस' म्हणतात ते खरं तर एका जातीच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे, लवचीक आणि तडफदार. मी मिश्र केसांचा घेतला.

नवा कुंचला खळ लावून कडक केलेला असतो. कोमट पाण्यात बुडवून हळूहळू मोकळा केला. टोकाशी केस जवळजवळ पारदर्शक दिसतात. ती दोनतीन मिलिमीटरच या सगळ्याचं मर्म आहेत असं लाओशींचं म्हणणं.

शाई बाटलीतलीही चालते, पण आठवड्यातून दोनदा उगाळायची असं ठरलं. काळ्या दगडाची ती सहाणच की. चंदन उगाळावं तसं चमचाभर पाणी, सावकाश वर्तुळं, जोर नाही. शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. आजीच्या देवघरातला हात इथे कामाला आला.

११ मार्च

धरणं. सगळा आठवडा यातच गेला.

अंगठा आतून रेटतो, तर्जनी समोरून दाबते, मधलं बोट आकडीसारखं आपल्याकडे ओढतं, अनामिका उलट बाजूने बाहेर ढकलते, करंगळी अनामिकेला आधार देते. पाच बोटांना पाच कामं, आणि पाचही एकमेकांच्या विरुद्ध. दांडा उभा राहतो तो या ओढाताणीमुळे. तळवा मात्र पोकळ. आत अंडं मावेल एवढा. बोरू आपण तिरका, अंगठा आणि दोन बोटांत धरतो आणि हात कागदावर टेकवतो. इथे मनगट टेकलं की लाओशी काही न बोलता पट्टी मनगटाखालून सरकवतात.

चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीचि, त्याची एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्याचा मुलगा शिएनचि सात-आठ वर्षांचा असताना लिहीत बसला होता. बापाने मागून येऊन अचानक कुंचला ओढला, तो सुटला नाही. हा पुढे नाव काढणार, असं बाप म्हणाला. शतकानुशतकं मुलांना ही गोष्ट सांगून बोटं आवळायला लावलं गेलं. पण सोंग राजवटीच्या काळातला कवी-सुलेखनकार सू शि म्हणतो, धरण्याची ठरलेली रीत नाही, हात रिकामा आणि ऐसपैस हवा. तो स्वतः तर एकाच बोटाच्या आकडीने धरत असे. मला सू शि पटतो. आवळलेल्या बोटांनी मी चार दिवस लिहिलं आणि प्रत्येक रेघेत थरथर उतरली. पाचव्या दिवशी खांदा खाली सोडला, कोपर हवेत राहिलं, आणि थरथर निम्म्याने कमी झाली.

२३ मार्च

आडवी रेघ. रोज वीस कागद माओब्येन, म्हणजे बांबूचा पिवळसर स्वस्त सरावाचा कागद. त्यावर चौकटी छापलेल्या. प्रत्येक चौकटीत उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेघा. तांदळासाठी चिनीत जे 'मी' अक्षर आहे ते असंच दिसतं, म्हणून तांदळाची चौकट.

रेघ उजवीकडे न्यायची तर टोक आधी डावीकडे शिरतं. झोपाळ्याला झोका द्यायचा तर आपण आधी पाय रेटून मागे जातो, तसं. मग खाली उजवीकडे दाब, क्षणभर थांबून केस सावरून घेणं, किंचित उचलून प्रवास, आणि शेवटी पुन्हा उचल, दाब, आल्या वाटेने परत. टोक रेघेच्या पोटात लपतं. याला त्सांग-फंग म्हणतात, लपवलेलं टोक. (चांदण्यातला च जरा महाप्राण करून म्हटला की हा उच्चार साधतो.) टोक उघडं ठेवून सुरुवात केली तर लू-फंग. दोन्ही लागतात, पण लपवायला आधी शिकायचं.

कागदावरची साधी आडवी रेघ, आणि तिच्यात सहा हालचाली. आज त्या सलग झाल्या असं फक्त तीनदा वाटलं.

३१ मार्च

आजचा प्रयोग महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

दहाव्या शतकात श्यू श्युआन नावाचा विद्वान होता. जुन्या मुद्रालिपीत त्याचा हात मोठा. शन ख्वो या दुसऱ्या विद्वानाने पुढे अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की श्यू श्युआनचं लेखन उन्हासमोर धरलं की प्रत्येक रेघेच्या बरोबर मधोमध गडद शाईचा एक बारीक धागा दिसतो. वळणावरसुद्धा तो धागा मधोमधच असतो. कारण कुंचल्याचं टोक कधीच कडेला सरकत नाही. हेच चोंग-फंग, मधलं टोक.

माझे कालचे कागद खिडकीच्या काचेवर लावले. सकाळचं ऊन होतं. धागा दिसला, पण मधोमध नव्हता. वरच्या कडेला होता. रेघेची वरची कड धारदार, खालची दातेरी.

कारण लगेच कळलं. मी कुंचला बोरूसारखा ओढत होते. बोरूचं टोक तासलेलं असतं. त्याची रुंदी ठरलेली आणि कोन ठरलेला. काना जाड येतो, तिरकी रेघ बारीक येते, ते हात करत नाही, काप करतो. वीस वर्षांत माझा हात जाडी शोधायला कोनाकडे जायला शिकलाय. कुंचल्याला काप नाही. जाडी हवी तर खाली जायचं, बारीक हवं तर वर यायचं. आपण कागदावर लिहितो असं म्हणतो, पण खरी हालचाल कागदाला लंब आहे, वरखाली. ही दिशा माझ्या हाताला माहीतच नव्हती.

लाओशींना दाखवलं तेव्हा त्यांनी दोन शब्द लिहून दिले : थी आणि आन. उचल आणि दाब. म्हणाल्या, "दाबायला सगळ्यांना येतं. उचलण्यात वर्षं जातात."

६ एप्रिल

योंग हे अक्षर. अर्थ चिरंतन. वांग शीचिच्या ३५३ सालच्या प्रसिद्ध लानथिंग प्रस्तावनेचं हे पहिलंच अक्षर. आजच्या मोजणीत रेघा पाच, पण त्यात लिहिण्याच्या आठ पद्धती येतात, म्हणून शतकानुशतकं नवशिक्यांना हेच गिरवायला देतात.

मला त्या आठांच्या जुन्या नावांनी वेड लावलं. आपण काना, मात्रा, वेलांटी म्हणतो ती आकारांची नावं. ही आठही नावं क्रियांची आहेत. आडव्या रेघेचं नाव लगाम खेचणं : घोडा पुढे जायला बघतो आणि हात त्याला आवरतो, रेघेने तसं जायचं. डावीकडून वर जाणाऱ्या छोट्या रेघेचं नाव चाबूक. उजवीकडची लहान तिरकी रेघ म्हणजे पक्ष्याचं चोच मारणं. आकडा म्हणजे उडी. उभ्या रेघेच्या नावात ताणाचा अर्थ आहे, म्हणून ती ओळंब्यासारखी सरळ काढली की मेली. किंचित पाठ वाकवून बळ धरलेली हवी. आकार बरोबर येऊनही लाओशी फुली का मारतात हे नावं कळल्यावर समजलं.

१४ एप्रिल

पेईलीन, शिलालेखांचं वन. १०८७ साली या दगडांना इथे एकत्र आणायला सुरुवात झाली. मी थेट एकाच शिळेपुढे गेले. थांग सम्राट थायत्सोंगने युआन श्वांगच्या भाषांतरांना प्रस्तावना लिहिली होती. ह्वाइरन नावाच्या भिक्षूने ती वांग शीचिच्या हस्ताक्षरात असावी म्हणून, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या माणसाच्या लेखनातून एकेक अक्षर वेचून जुळवली. वीसहून अधिक वर्षं लागली. शिळा ६७२ सालची. माथ्यावर सात बुद्ध कोरलेले, आणि मजकुराच्या शेवटी हृदयसूत्र.

खूप वेळ उभी राहिले. युआन श्वांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने आपल्याबद्दल लिहून ठेवलं. त्याने ऐकलेले 'गते गते' या काळ्या दगडात आहेत.

तांत्रिक नोंद : दगडावरून उचल-दाब शिकता येत नाही. रेघेची बाह्यरेषा मिळते, शाईचा वेग मिळत नाही; मध्ये छिन्नीवाला आहे. सोंग काळातला सुलेखनकार मी फू म्हणालाच होता की दगडावरून शिकू नये, आपणच लिहून दुसऱ्याला कोरायला दिलं तरी ते आपलं उरत नाही. शिळांवरून घेतलेल्या ठशांच्या पुस्तकावरून लिहिताना माझ्या कोपऱ्यांना जो कोरीव टोकदारपणा यायचा तो कुठून येतो हे आता समजलं. छिन्नीच्या खुणा मी कुंचल्याने नकलत होते.

२० एप्रिल

मोठा जंगली हंस पॅगोडा. दक्षिण दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत थांग काळातला सुलेखनकार छू स्वेलियांग याच्या दोन शिळा, ६५३ सालच्या. एकीवर तीच प्रस्तावना, दुसरीवर थायत्सोंगच्या मुलाने तिला जोडलेली नोंद, आणि इथे खायशूत. एका शिळेवरचा मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, दुसरीवरचा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दोघी दाराकडून सुरू होतात.

मी फूचा इशारा मनात होता, तरी इथे उचल दिसते. आडव्या रेघा मधे इतक्या बारीक होतात की तुटतील वाटतं, आणि तुटत नाहीत. झोपाळ्याच्या दोरीसारख्या, वजन धरलेल्या. घरी येऊन पंधरा कागद. बारीक रेघ काढताना मी वेग वाढवते हे लक्षात आलं. उचलताना हळू जायचं आहे. उचललं की पळायचं, ही हाताची भीती आहे.

२७ एप्रिल

आज लाओशींनी 'घराच्या गळतीची खूण' सांगितली. यान चनचिंग आणि ह्वाइसू हा भिक्षू, दोघेही थांग काळातले मोठे लेखक, यांचं बोलणं लू यूने लिहून ठेवलंय. चहावरचा ग्रंथ लिहिणारा तोच लू यू. ह्वाइसू म्हणाला, मी उन्हाळ्यातल्या ढगांच्या विलक्षण शिखरांकडून शिकतो. यान चनचिंगने विचारलं, भिंतीवरच्या गळतीच्या खुणेबद्दल काय म्हणणं? ह्वाइसू उठला, त्याचा हात धरला आणि म्हणाला, सापडलं.

वर्गातल्या इतरांना लाओशी हे समजावून सांगत होत्या. शीआनची हवा कोरडी, गच्चीवर काँक्रीट. मला समजावण्याची गरज पडली नाही. आमच्या कौलारू घरात आषाढात एखादं कौल सरकलं की माजघराच्या मातीच्या भिंतीवर पाणी उतरायचं. थेंब सरळ घसरत नाही. थांबतो, मागून पाणी येऊन फुगतो, मातीच्या कणाला वळसा घालतो, मग दोन बोटं खाली येतो, पुन्हा थांबतो. लहानपणी मी जेवण सोडून ते बघत बसायची. सकाळी वाळलेला माग असायचा : कडा गोल, कुठे जाड कुठे बारीक, आणि तरी एकच अखंड रेघ.

भिंत त्याला अडवत असते म्हणून ती रेघ तशी येते. उभी रेघ काढताना कागदाचा तो अडसर बोटांना जाणवायला हवा. दुपारी सोळा कागद उभ्या रेघा. डोळ्यांपुढे माजघर. लाओशींनी चार रेघांना लाल गोल केला. इथे चांगल्या कामाला असाच गोल करतात. दोन महिन्यांत पहिल्यांदा चार.

५ मे

कित्ता मिळाला.

अठरा अक्षरं, त्यात वेगळी दहाच. तीन ओळी, प्रत्येकी सहा, उजवीकडून. 'लुओ' एकोणीस रेघांचं, दाटीचं. 'पो' आठच रेघांचं, त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब.

मग पंधराव्या अक्षरावर थांबले. 'फूथी' म्हणजे बोधि. त्यातलं 'थी', 'धि'च्या ध्वनीसाठी घेतलेलं, हे तेच अक्षर आहे जे लाओशींनी मला ३१ मार्चला लिहून दिलं होतं. थी. उचल. युआन श्वांगच्या आधीपासून बोधिसाठी हे अक्षर वापरात आहे. ध्वनीसाठीच निवडलेलं, अर्थाचा संबंध नाही. तरी मी कित्ता हातात घेऊन बराच वेळ बसले. अक्षराच्या डावीकडे 'हात' हा घटक आहे, आणि त्या हाताची तिसरी रेघ म्हणजे डावीकडून वर जाणारी ती छोटी रेघ, जुन्या आठांतली चाबूक. तिचं आजचं नाव? थी.

अठरा अक्षरांत या रेघा मोजल्या. 'च्ये' चारदा येतं, त्याच्याही डावीकडे हात. दोन 'पो', ज्यांच्या पाण्याचा तिसरा थेंब वर उठतो. एक 'थी'. आणि सतरावं अक्षर, ज्यात खाली स्त्री आणि वर पुन्हा तेच पाणी. एकूण आठ.

१८ मे

ही रेघ अशी : टोक टेकवून उजवीकडे खाली दाब, क्षणभर थांब, मग वर उजवीकडे निघताना कुंचला सतत उचलत न्यायचा, की शेवटी एकच केस कागदावर राहील आणि तोही मधोमध. फेकायची नाही. फेकली की टोक विरळ, कोरडं, पोकळ येतं. शेवटच्या केसापर्यंत हात सोबत गेला पाहिजे. आणि तिची दिशा पुढच्या रेघेच्या सुरुवातीकडे. कागद सोडल्यावरही कुंचला हवेत तीच वाट चालतो. आपल्या मोडीत लेखणी न उचलता ही वाट कागदावरच उमटते. खायशूत ती दिसत नाही, पण चालावी लागते.

दोन आठवड्यांत या एका रेघेचे साठ कागद.

२ जून

पहाटे तटबंदीशेजारच्या बागेत गेले. तिथे आजोबा लोक काठीला स्पंज लावलेल्या कुंचल्याने फरसबंदीवर पाण्याने लिहितात. एका आजोबांनी आपला कुंचला माझ्या हातात दिला. उभं राहून, पूर्ण हाताने. कोपर टेकवायला काही नाहीच. स्पंजला लवचीकपणा कमी, म्हणून उचल चुकली की लगेच पाय फुटल्यासारखी रेघ. मंत्राची पहिली ओळ लिहिली. सहावं अक्षर लिहीपर्यंत पहिलं उन्हात वाळलं होतं. आजोबांनी वाचलं, मान डोलावली, मग तेच 'च्ये' माझ्या शेजारी काढून दाखवलं, कमरेतून वळून. माझी उचल मनगटातून येते. त्यांची टाचेतून.

७ जून

शुआन कागद. आन्ह्वेतल्या चिंग परगण्याचा, छिंगथान नावाच्या झाडाच्या सालीचा आणि भाताच्या पेंढ्याचा. कच्चा घेतला, तुरटी न लावलेला. माओब्येनवर चालणारं सगळं इथे उघडं पडलं. कुंचला जिथे थबकला तिथे शाई पसरून ढेकूळ. पाच कागद गेले. शाई थोडी दाट केली, थांबे लहान केले.

१४ जून

सकाळी साडेपाचला शाई उगाळली, पाऊण तास. दोन कागद बाजूला ठेवले, तिसरा हा.

पहिली ओळ सावध आली. दुसऱ्या ओळीतलं 'लुओ' जरा मोठं झालं, त्यामुळे 'संग' दबलं. तिसऱ्या ओळीत 'फू' झाल्यावर हात आपोआप थांबला. पुढचं अक्षर कुठलं ते माहीत होतं. श्वास घेतला. आडवी, आकड्याची उभी, आणि तिसरी रेघ. उचलत गेले, उचलत गेले, शेवटचा केस सुटल्याचं बोटांना कळलं. मग उरलेल्या नऊ. शेवटची लांब उजवी तिरकी थोडी घाईत गेली.

संध्याकाळी लाओशींनी कागद भिंतीवर लावला, मागे सरून पाहिला. लाल शाई घेतली. अठरापैकी पाच अक्षरांना गोल. 'थी'ला अक्षर म्हणून गोल नाही. त्या तिसऱ्या रेघेला मात्र एक छोटा, आणि त्यावर आणखी एक. दुहेरी गोल मी त्यांच्याकडून पहिल्यांदा पाहिला. मग बोट शेवटच्या तिरक्या रेघेवर ठेवलं. "इथे पाऊल पडायच्या आधीच तू वर आलीस."

कुंचला धुतला, टोक बोटांनी जुळवलं, खाली तोंड करून टांगला. उद्यापासून उजवी तिरकी, रोज दहा कागद, माओब्येनवर.